उजागरे बाईंचं हिरवं कार्ड

कंपनीची बस सावेडीच्या चौकात सिग्नलला थांबली, आराधनाने हातातल्या पुस्तकातून मान वर केली, आणि समोर आई होती. पंधरा फूट उंच. दोन खांबांमध्ये ताणलेल्या फ्लेक्सवर तिचा चेहरा, छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं हिरवं कार्ड, आणि वर ठसठशीत अक्षरांत ‘मी स्वावलंबी! माझा प्रभाग ज्येष्ठस्नेही!’ त्याखाली ‘उजागरे बाई’ हे नाव, प्रभागाला मिळणाऱ्या पुरस्काराच्या रविवारच्या सोहळ्याची वेळ आणि सात-आठ पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो. छापणाऱ्याने आईच्या गालांवर गुलाबी रंग चढवला होता. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात आई एवढी गुलाबी कधीच नव्हती, आणि आता तर तिला माती देऊन सात आठवडे झाले होते. आराधना फ्लेक्सकडे बघत राहिली. फोटो कापताना बाजूचं माणूस काढून टाकलेलं होतं, पण नीट काढलेलं नव्हतं. आईच्या डाव्या कोपराखाली तीन बोटं राहून गेली होती. कुणाची तरी बोटं, कोपराला खालून घट्ट आधार देणारी. मधल्या बोटात चांदीची अंगठी. आराधनाने मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. तीच अंगठी. ‘स्वावलंबी’ या शब्दाच्या बरोबर खाली तिची स्वतःची तीन बोटं आईला उभी धरून होती, आणि ती अख्ख्या नगरात कुणाला दिसलेली नव्हती.

“मॅडम, मातोश्री ना तुमच्या?” मागच्या सीटवरून पेंट शॉपचा नितीन पुढे वाकला. तो दुसऱ्या शिफ्टमधून नुकताच या शिफ्टला आलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. “काय झकास फोटो आलाय. तब्येत पण एकदम ठणठणीत.”

“हो,” आराधना म्हणाली.

सिग्नल सुटला. बस सीनेच्या पुलावरून नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या दिशेने निघाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण ‘हो’ म्हणालो. सात आठवड्यांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने नेमक्या शब्दांत, आवाज न चढवता, रडू न आणता सांगितलं होतं. आई गेली. खुब्याचं हाड मोडलं, बारा दिवस दवाखान्यात होती, छातीत संसर्ग झाला. तिला वाटायचं, अशी चार वाक्यं एकापुढे एक नीट ठेवली की माणूस उभा राहतो. आणि आज एका फ्लेक्सपुढे ती ‘हो, ठणठणीत आहे’ म्हणून मोकळी झाली होती. म्हणजे पुन्हा एकदा. हा ‘पुन्हा एकदा’ तिच्या मनात कुठून आला ते तिला माहीत होतं, आणि त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून तिने पुस्तक उघडलं. कंपनी येईपर्यंत ती एकाच पानावर होती.

कंपनीत तिचं काम येणाऱ्या मालाची तपासणी करण्याचं. पंपाचे ओतीव भाग बाहेरून येतात. ते मोजायचे, गेजमधून काढायचे, जे बसत नाहीत त्यांना लाल टॅग लावायचा. एकवीस वर्षं ती हेच करत होती, आणि ज्याला ज्याला शिकवलं त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आली होती: वरचा माल कधी तपासू नका. माल पाठवणारा घासूनपुसून चांगले तुकडे वरच्या थरात ठेवतो. खोक्याच्या तळात हात घाला. आज तिने तळातला एक तुकडा उचलला, गेजमध्ये धरला, आणि तो बसला की नाही हे बघायचं विसरून तशीच उभी राहिली. तपासणी कशासाठी असते? खोट सापडावी म्हणून. खोट सापडली तर तुकडा वाचतो, पंप वाचतो, पंपाजवळ उभा असलेला माणूस वाचतो. हे ज्या बाईला एकवीस वर्षं कळत होतं तिने आपल्या आईला घासूनपुसून वर ठेवलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रभागात ती योजना आली. साठीच्या वरच्या माणसांना दहा ठिकाणी हिंडावं लागू नये, डोळे, कान, गुडघे, साखर, स्मरणशक्ती, मन, सगळ्यांची तपासणी एकाच जागी, एकाच कागदावर व्हावी आणि मग ज्याला जे हवं ते त्याच्या घरी पोहोचावं. योजना चांगली होती. हेच तिला आज सहन होत नव्हतं. कागदावर तिने ती शब्द न् शब्द वाचली होती आणि तिला वाटलं होतं, शेवटी कुणीतरी विचार केलाय. तपासणीनंतर कार्ड मिळायचं. हिरवं म्हणजे स्वावलंबी. सहा महिन्यांनी पुन्हा या. पिवळं आणि लाल म्हणजे मदतीची गरज. त्यांच्या न्हाणीघरात धरायला दांडी बसणार, दर मंगळवारी आणि गुरुवारी अकरा वाजता स्वयंसेवक घरी येऊन विचारपूस करणार, आणि उशाशी एक घंटा, दाबली की केंद्रात वाजणारी.

शेजारचे बेंजामिन काका पहिल्याच शिबिराला जाऊन आले आणि पिवळं कार्ड घेऊन परतले. मिशन कंपाउंडमध्ये शिरताना त्यांची मान खाली होती, पण जीभ नव्हती.

“बाई, अहो पेपर फार अवघड,” ते आईला म्हणाले. “तीन शब्द सांगतात, मग इकडचं तिकडचं बोलतात, आणि मग म्हणतात, ते तीन शब्द सांगा. बादली, चिमणी आठवलं. तिसरा काही येईना. मी म्हटलं, बादली, चिमणी आणि आमची मंडळी.”

“मग?”

“मग काय, पिवळं. तिसरा ‘रस्ता’ होता म्हणे. आमची मंडळी गेली त्याच रस्त्याने.”

आई हसली नाही. मिशनच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई होती ती. तिने त्या चौतीस वर्षांत एक पेपर फुटू दिला नव्हता. एकदा शिपायाने सहामाहीचे प्रश्न मुलींना सांगितले तेव्हा तिने रात्रीत नवा पेपर काढून हाताने बेचाळीस प्रती लिहिल्या होत्या. ती बाई भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, “आणखी काय काय विचारतात, बेंजामिन?” आणि काकांनी सगळा पेपर सांगून टाकला. छातीवर हात आडवे धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, तेही घड्याळ लावून. भिंतीवरची अक्षरं वाचायची. वजन कमी झालं का, उदास वाटतं का, घरात एकट्या असता का.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “आरू, ते खुर्चीचं जरा घेतेस का माझ्याकडून?”

ते आठ दिवस. आराधनाला आता वाटायचं, ते आठ दिवस आयुष्यातून कापून काढता आले असते तर! आणि लगेच वाटायचं, नको, कारण ते फार सुखाचे होते. चहाचं आधण ठेवताना ती ओरडायची, “बाई, तीन शब्द!” आणि आई बाहेरच्या खोलीतून खणखणीत आवाजात म्हणायची. खुर्चीचं मात्र जमेना. तिसऱ्या वेळेला आईच्या मांड्या थरथरायला लागत, चौथ्यांदा ती कमरेतून झोका घेऊन उठे, आणि पाचव्या वेळी अर्ध्यावरून परत खाली येई. आराधनाने खुर्चीवर उशी ठेवली. मग दोन उशा. मग रोज थोडी पातळ उशी. शनिवारी आई उशीशिवाय पाच वेळा उठली, घामाने तिचा पदर भिजला, आणि दोघी हसत सुटल्या. पुढच्या शिबिरात आईला हिरवं कार्ड मिळालं, आरोग्यसेविकेने टाळ्या वाजवल्या, आणि कार्ड धरून उभ्या आईचा, तिला कोपराला धरलेल्या आराधनासकट, फोटो निघाला. त्या थरथरणाऱ्या मांड्या आराधनाने पाहिल्या होत्या. दिवाळीपासून आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, तेही पाहिलं होतं. तिला काही दिसलं नव्हतं असं नाही. सगळं दिसलं होतं, आणि त्यावर तिने उशी ठेवली होती.

का? या प्रश्नाशी ती सात आठवडे रोज येऊन थांबत होती. आई म्हणाली होती, “पिवळं कार्ड घेऊन मी महिला मंडळात कशी बसू? सगळ्या म्हणतील, उजागरे बाई आता संपल्या.” ते आईचं झालं. आणि तिचं स्वतःचं? सत्तेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, आईजवळ राहिलेली मुलगी. घरी मदतीला माणूस यायला लागलं असतं तर पहिला प्रश्न कंपाउंडने विचारला असता, मग मुलगी काय करते? मुलगी सकाळी साडेसातला बस पकडते आणि संध्याकाळी सव्वासहाला उतरते. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कागदावर नव्हतं. डॅनी, तिचा भाऊ, पुण्याहून दर रविवारी फोन करून म्हणायचा, “तू आहेस म्हणून मला काळजी नाही.” हे वाक्य ऐकायला तिला आवडायचं, हे खरं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईल उघडला तर त्याच डॅनीने फ्लेक्सचा फोटो पाठवलेला, कुणीतरी त्याला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘किती छान दिसतेय मम्मी. अभिमान वाटला.’ आराधनाने डबा बंद केला आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. तिने लिहिलं, घरगुती.

रिक्षात बसल्यावर तो गुरुवार आलाच. तो न बोलावता येत असे, आणि नेहमी त्याच जागेपासून सुरू होत असे: सव्वासहाची वेळ, कुलूप उघडल्यावर घरातली शांतता, आणि मागच्या मोरीच्या उंबऱ्यावर आडवी झालेली आई. शुद्धीवर होती. डोळे उघडे, ओठ सुकलेले. अकराच्या जरा आधी पडले, असं ती म्हणाली, कारण शेजारी बिभीषण आला तेव्हा मी पडलेली होते. बिभीषण हा बेंजामिन काकांकडे येणारा स्वयंसेवक, एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. दर मंगळवार-गुरुवार, अकराच्या ठोक्याला. दोन घरांमध्ये एकच भिंत, नऊ इंचांची. त्याने काकांचा रक्तदाब मोजला, गोळ्यांची डबी भरली, सातमजली हसला, चहा घेतला आणि गेला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आराधनाने विचारलं, “आई, त्याचं हसणं तुला ऐकू येत होतं. मग हाक का नाही मारलीस?”

आईने छताकडे पाहिलं. मग गणित चुकलेल्या मुलीला समजावावं तसं शांतपणे म्हणाली, “त्याच्या यादीत आपलं नाव नव्हतं ना, आरू.”

त्या वाक्यावर आराधना आजवर रडलेली नव्हती. त्यावर रडता येतच नव्हतं. दिवसेंदिवस त्याचं दुसरंच काही होत चाललं होतं. सांत्वनाला आलेले पाळक म्हणाले, देवाची इच्छा. डॉक्टर म्हणाले, या वयात व्हायचंच. कंपाउंडमधल्या बायका म्हणाल्या, सोनं झालं, कुणाकडून करून घेतलं नाही. कुणाकडून करून घेतलं नाही! सात तास मोरीच्या ओल्या फरशीवर पडून तिने कुणाकडून करून घेतलं नव्हतं, आणि याचं सगळ्यांना कौतुक होतं. या गावात म्हाताऱ्या माणसाने मदत मागितली नाही की त्याला स्वाभिमानी म्हणतात, आणि मग त्याचा फ्लेक्स लावतात.

केंद्र एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं, वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर प्रभागाचं सामान भरलेलं. सतरा पायऱ्या; आईला घेऊन चढताना तिने मोजल्या होत्या, प्रत्येक तिसऱ्या पायरीला थांबून. आज रविवारच्या सोहळ्यासाठी जिन्याच्या कठड्याला रंग दिलेला होता आणि त्यावर पुठ्ठा लटकत होता: ‘रंग ओला आहे. हात लावू नये.’ आराधना पुठ्ठ्यापुढे क्षणभर थांबली. मग वर गेली.

वर शिबिर चालू होतं. आरोग्यसेविका रेश्मा टेबलाशी बसली होती. तिने पाहिलं आणि उठून आली. “ताई! या ना. बाईंचं कळलं मला. मी तेव्हा माहेरी होते पाथर्डीला, नाहीतर मातीला आलेच असते.” तिचे डोळे खरेच भरले होते. “केंद्रात सगळ्यात हुशार होत्या हो. तीन शब्द तर असे म्हटले, मला वाटलं आता पाढे पण म्हणतील.”

“मग फ्लेक्स?”

रेश्माने ओठ चावला. “तो मला कळायच्या आधीच छापायला गेलता, ताई. सर म्हणाले...” तिने मागे बघितलं. मागच्या खोलीतून पार्थ सर आला. तो या योजनेचा समन्वयक, तिशीचा, बारीक दाढी, डोळ्यांखाली काळं. त्याने हात जोडले.

“मॅडम, फार वाईट झालं. फ्लेक्स आजच उतरवतो. खरं तर मीच तुम्हाला फोन करणार होतो. तुमची हरकत नसेल तर रविवारी बाईंचा मरणोत्तर सन्मान...”

“फ्लेक्स राहू दे,” आराधना म्हणाली. “फॉर्म बदला.”

“कुठला फॉर्म?”

“आईचा. तो लाल करा.”

पार्थने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. “मॅडम, तो फॉर्म आता बंद झाला. निधन झालं की बंद होतो.”

“काय म्हणून बंद होतो?”

त्याने संगणकाकडे पाहिलं, कारण तिला खोटं सांगणं त्याला जमत नव्हतं. “हिरवा गट. निधन, नैसर्गिक.”

“म्हणजे तुमच्या हिशेबी एक धडधाकट बाई होती आणि ती वयाने गेली. तपासणीत काही सुटलं, असं कुठेही लिहिलेलं नाही.”

“मॅडम, फॉर्ममधली उत्तरं...” तो थांबला. ते वाक्य त्याच्यासाठी रेश्माने पुरं केलं, अगदी हळू आवाजात, आणि त्यात दुष्टपणा नव्हता.

“ताई, उत्तरं तुमीच दिली होती. वजनाचं मी विचारलं, तुमी म्हणालात पहिल्यापासून बारीकच आहे. दिवसभर एकट्या असतात का विचारलं, तर म्हणालात शेजार आहे ना. आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती बदलून उंचवाली तुमीच आणली. मला वाटलं, लेक हाय, तिला माहीत असणार.”

खोलीत पंखा फिरत होता. भिंतीशी बसलेली तीन-चार म्हातारी माणसं इकडे बघत होती. आराधनाला वाटलं, आता आपण ओरडू. पण तिच्या तोंडून तिचा नेहमीचाच आवाज आला. “हो. मी खोटं सांगितलं. ते लिहून देते. मग लाल होईल?”

पार्थचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्याने तिच्या मनात काहीतरी कडक झालं. त्याने खणातून एक कागद काढला. “होतो ना. दुरुस्तीची सोय आहे. ‘कुटुंबीयांनी चुकीची माहिती दिली’ असा पर्याय आहे, त्यावर खूण करायची, खाली शेऱ्याला दोन ओळी आणि सही. मग प्रकरण आमच्याकडून स्वच्छ होतं.”

“तुमच्याकडून.”

“म्हणजे तसं नाही, मॅडम.”

“तसंच आहे. तुम्ही माझ्या घरी कधी आलात का? मोरीचा उंबरा पाहिलात? सतरा पायऱ्या चढवून माणसं वर आणता आणि ज्यांना चढता आलं त्यांनाच विचारता, तुम्हाला चालता येतं का. जे चढले नाहीत त्यांचं काय?”

“त्यांचा वेगळा रकाना आहे. प्रतिसाद नाही.”

“किती आहेत त्या रकान्यात?”

“एकशे चार,” तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, “मॅडम, मी खालचा मजला चार वेळा मागितला. चार पत्रं आहेत माझ्याकडे. मी हे मनापासून करतो.” तिला ते खरं वाटलं. त्याने तिचा राग कमी व्हायला हवा होता, पण वाढला. सगळी माणसं मनापासून करत होती. रेश्मा मनापासून टाळ्या वाजवत होती, बिभीषण मनापासून हसत होता, ती स्वतः मनापासून उशा रचत होती, आणि या सगळ्या मनापासूनच्या मध्ये एक म्हातारी फरशीवर पडली होती. आता तो कागद. खूण केली तर दोष एकट्या तिचा, आणि रविवारी पुरस्कार निर्वेध. नाही केली तर आई कायमची हिरवी. गुलाबी गालांची, ठणठणीत, हिरवी. कागदावर शेऱ्यासाठी जागा किती, तर दोन बोटं रुंद.

तिने कागद घेतला आणि जिना उतरायला लागली.

खालून सहाव्या पायरीवर वाट अर्धी अडलेली होती. एक म्हातारी पायरीवर बसली होती, नऊवारी गुडघ्यांपर्यंत सावरून, उजवा तळवा निळ्या रंगाने माखलेला. तिने पुठ्ठा वाचलेला नव्हता, किंवा वाचता येत नव्हता; धरायला दुसरं काही नव्हतं. वरच्या पायरीवर तिची सून उभी, कंपनीचा निळा कोट अंगावर, तिच्या काखेत हात घालून ओढत होती.

“उठा वो आत्याबाई. अकराच राहिल्या. मी काय रोज सुट्टी घीऊ का?”

“यशोधरे, माझे पाय मेलेत.”

“मेले-बिले काय न्हाई. आन् वर गेल्यावर असं बोलू नगा. त्यांनी इचारलं की म्हनायचं, समदं करते मी माझं. एकटी ऱ्हाता का इचारलं की म्हनायचं, न्हाई, सून हाय, नात हाय. काय म्हनायचं?”

“सून हाय, नात हाय,” म्हातारी म्हणाली. “नात पुन्याला हाय.”

“ते नगा सांगू!”

आराधनाला उतरता आलं असतं, बाजूने जागा होती. ती त्या पायरीवर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की सात आठवड्यांत आपण असं कुठे मध्येच बसलोच नव्हतो.

“नाव काय, आजी?”

“चांगुणाबाई. तू कोन?”

“घरी दिवसभर कोण असतं?”

“सून हाय,” चांगुणाबाई पढवल्याप्रमाणे म्हणाली आणि तिने सुनेकडे पाहिलं, बरोबर आलं का म्हणून. ती नजर आराधनाला ओळखीची होती. पाचव्यांदा उठून उभी राहिल्यावर आईने तिच्याकडे असंच पाहिलं होतं.

“तुम्ही नागापूरलाच ना?” तिने यशोधराला विचारलं. “किती वाजता निघता?”

“तुमाला काय करायचंय?” यशोधरा फणकारली. “आमी नीट बघतो त्यांना. कुनी बोट दाखवाय नगं. लाल कार्ड मिळालं तर गल्लीत म्हनत्याल, सासूला टाकून जाती. तुमाला काय जातंय बोलायला?”

“माझी आई इथेच पास झाली,” आराधना म्हणाली. “मीच तयारी करून घेतली होती. तिला हिरवं कार्ड मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एका गुरुवारी ती घरात पडली आणि सात तास पडून राहिली. हिरव्या कार्डवाल्यांकडे कुणी येत नाही. ती गेली.” आवाज चढला नव्हता, पण वरच्या मजल्यावरचं बोलणं थांबलं. “चौकात फ्लेक्स आहे ना गुलाबी गालांच्या बाईचा? ती. घरी कोण असतं, यशोधराताई?”

यशोधराचा हात सासूच्या काखेतून सुटला.

“कोन न्हाई,” ती म्हणाली. “सकाळी सातला मी जाती, हे जात्यात. संध्याकाळी सात. दार बाहेरून लावून जाती, कारन त्या भाईर जाऊन पडत्यात. दोनदा पडल्या.” आणि मग एकदम, भांडल्यासारखं, “मग काय करू? नोकरी सोडू?”

“नका सोडू. हेच वर सांगा.” आराधनाने मान वळवली. जिन्याच्या तोंडाशी रेश्मा उभी होती. “वर नाही. रेश्मा, फॉर्म खाली आण. खुर्ची आणू नकोस. आणि तुझ्या सरांना बोलव.”

“खाली? ताई, खाली करायची पद्धत...”

“आजपासून आहे.”

रेश्मा फॉर्म घेऊन आली, पायऱ्यांवर सावरत, ओल्या कठड्याला हात न लावता. मागोमाग पार्थ. पायरीवर जागा नव्हती म्हणून तो दोन पायऱ्या वर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. रेश्माने विचारलं, “आजी, खुर्चीतून हात न लावता उठता येतं का?” चांगुणाबाईने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली. म्हातारी म्हणाली, “न्हाई येत, बाई. दोन साल झाली न्हाई येत.” आणि तिला बोलायची परवानगी मिळाल्यासारखं एकेक निघत गेलं. भूक लागत नाही. दुपारी कुणाचा आवाज यावा म्हणून टीव्ही लावते. डाव्या डोळ्याने दिसत नाही, हे मुलालाही ठाऊक नाही. रेश्मा लिहीत होती. एका ठिकाणी ती थांबली आणि तिने नाक पुसलं. यशोधरा भिंतीला टेकून उभी होती, कोटाचं बटण पिरगाळत, आणि प्रत्येक उत्तराला तिचा चेहरा आणखी उतरत होता. आराधनाला तिच्याविषयी माया वाटली नाही. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. तिला एवढंच वाटलं की हिला निदान हे आज ऐकायला मिळतंय.

“मॅडम, तुमचा तो कागद,” पार्थ वरून म्हणाला. “घाई नाही.”

आराधनाने कागद मांडीवर पसरला. ‘कुटुंबीयांनी चुकीची माहिती दिली’ या ओळीपुढच्या चौकोनात तिने खूण केली, ठळक. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“तिथे लिहायची जागा नाही, मॅडम. ते स्कॅन होत नाही.”

“मग दोन्ही बाजू स्कॅन करा. आणि हे रविवारी स्टेजवर वाचलं जाईल. तुम्ही वाचणार नसाल तर मी येऊन वाचेन. मला बोलावलं आहेच तुम्ही.”

पार्थने खिशातला पेन काढला आणि दोन पायऱ्यांवरून खाली धरला. तिने तो घेतला. काय पहिलं लिहायचं? मोरीचा उंबरा, की नऊ इंचांची भिंत, की सतरा पायऱ्या, की दोन उशा? सगळं लिहायचं होतं, आणि कुणालाही सोडायचं नव्हतं, स्वतःला तर नाहीच.

“काय लिव्हती गं?” चांगुणाबाईने निळा हात पदराला लागणार नाही असा धरून तिच्याकडे वाकून पाहिलं.

“आईचं.”

“गेली म्हनलीस.”

“हो.”

“लई हाय का लिव्हायचं?”

“बरंच आहे.”

म्हातारीने पायरीवर जरा सरकून तिला कोपर टेकायला जागा करून दिली. “मग लिव्ह निवांत,” ती म्हणाली. “मी काय उठत न्हाई आता.”